स्टँडबाय नोड परत आला तरी जुना टायमर वाजतो आणि चालू मशीनची वीज कापतो (सी, जीलिब, कोरोसिंक)

रात्रपाळीवाला

नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा. आमच्याकडे पोस्टग्रेस डेटाबेसचा दोन नोडचा (मशीनचा) क्लस्टर आहे, एक प्रायमरी (चालू) एक स्टँडबाय (त्याची नक्कल ठेवणारा राखीव). मेंबरशिप कोण आत कोण बाहेर हे कोरोसिंक नावाचं सॉफ्टवेअर सांगतं, पण पुढचे निर्णय घेणारा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) घरचाच आहे, सी मध्ये, जीलिब लायब्ररीच्या मेन लूपवर (घटना आणि टायमर एकेक करून हाताळणारं चक्र). ज्यांनी लिहिला ते दोघंही केव्हाच सोडून गेले आणि आता तो माझ्या गळ्यात आहे. कंपनी पॉलिसीमुळे कोड पेस्ट करता येणार नाही, शब्दात सांगतो, समजून घ्या.

लॉजिक साधं आहे. प्रायमरी गेला तर लगेच फेन्सिंग (त्याला सक्तीने बंद करणं) आणि फेलओव्हर (काम स्टँडबायकडे देणं), तिथे काही अडचण नाही. पण स्टँडबाय गेला तर घाई नको म्हणून प्रायमरीवरचा डीमन १० मिनिटांचा टायमर लावतो, तेवढ्यात तो परत आला तर टायमर रद्द, नाही आला तर मशीन अडकलंय असं समजून आयपीएमआयने (मशीनची वीज लांबून चालू-बंद करायची सोय) पॉवर सायकल करायचं, म्हणजे वीज कापून परत चालू.

आता प्रॉब्लेम. कधीकधी स्टँडबाय व्यवस्थित परत येतो, रिप्लिकेशन सुरू होतं, लॉगमध्ये "टायमर रद्द केला" अशी ओळ पण येते, आणि मग काही मिनिटांनी डीमन त्याला तरीही पॉवर सायकल करतो. स्टँडबायच असल्यामुळे इतके दिवस कोणी फार मनावर घेतलं नाही. पण मागच्या आठवड्यात रात्री स्टँडबाय स्विचच्या पोर्टमुळे तुटला, परत आला, मग मीच ठरवून स्विचओव्हर (दोघांच्या भूमिकांची अदलाबदल) केला कारण नोड १ ची डिस्क बदलायची होती, म्हणजे नोड २ प्रायमरी झाला. आणि तीन मिनिटांत नोड १ च्या डीमनने त्याची वीज कापली, म्हणजे चालू प्रायमरीची. सकाळच्या मीटिंगमध्ये काय झालं ते सांगत बसत नाही.

दरवेळी होत नाही हे डोक्याला ताप आहे. स्टँडबाय परत आल्यापासून कधी ४ मिनिटांनी होतं, कधी ७, कधी होतच नाही. प्लॅन्ड पॅचिंगच्या वेळी कधीच झालेलं नाही पण तेव्हा आम्ही मेंटेनन्स मोड लावतो. मला एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) संशय आहे, घड्याळ उडी मारत असेल का? अजून एक, लॉगमध्ये अधूनमधून "सोर्स आयडी अमुक सापडला नाही" अशी जीलिबची क्रिटिकल ओळ येते (जीलिबच्या भाषेत टायमर हा एक सोर्स), पण ती कित्येक वर्षांपासून येते त्यामुळे तिचा संबंध नसावा.

बिनसाखरचहा

एनटीपी नाही. जीलिबचे टाइमआउट मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणाऱ्या) घड्याळावर चालतात, भिंतीवरचं घड्याळ पुढेमागे केलं तरी त्यांना फरक पडत नाही. त्या वाटेला जाऊ नका, दोन दिवस वाया जातील, मी घालवलेत.

माझं मत विचाराल तर घरचा डीमन फेकून द्या आणि पेसमेकर (तयार क्लस्टर मॅनेजर) लावा. हे सगळं तिथे आधीच लिहिलेलं आहे.

रात्रपाळीवाला

@बिनसाखरचहा पेसमेकरचं प्रपोजल दोनदा दिलंय हो, दोन्ही वेळा "पुढच्या क्वार्टरला बघू". तोपर्यंत हाच संसार.

जुना_सीवाला

पेसमेकर पण याच जीलिब मेन लूपवर उभा आहे, आणि "सोर्स आयडी सापडला नाही" ही ओळ एके काळी त्याच्याही लॉगमध्ये भरभरून यायची. २०१४ मध्ये जीलिब २.४० आलं तेव्हापासून ही तक्रार दिसायला लागली, त्याआधी चूक तीच होती फक्त जीलिब गप्प बसायचं. तेव्हा "संबंध नसावा" म्हणू नका, ती ओळ तुम्हाला इतकी वर्षं हाका मारत होती. तिच्याकडे नंतर येतो.

आधी एक काम करा. ४ मिनिटं ७ मिनिटं हे तुम्ही नोड परत आल्यापासून मोजताय. तो गेला तेव्हापासून मोजा आणि आकडे इथे टाका.

रात्रपाळीवाला

लॉग काढले. दोन घटनांच्या वेळा नीट मिळाल्या.

पहिली: गेला ०२:१०:१४, परत आला ०२:१५:५०, पॉवर सायकल ०२:२०:१४.
दुसरी (मागच्या आठवड्यातली): गेला २३:४१:०७, परत आला २३:४४:०२, पॉवर सायकल २३:५१:०८.

च्यायला. ६०० सेकंद आणि ६०१ सेकंद. म्हणजे मूळचाच टायमर वाजतोय! पण मग रद्द काय केलं?? लॉगमध्ये रद्द केल्याची ओळ आहे, आणि रद्द करायच्या फंक्शनने एरर पण दिलेला नाही.

(ते एक सेकंद जास्त कुठून आलं?)

जुना_सीवाला

एक सेकंदाचं सोडा, सेकंदवालं टाइमआउट फंक्शन वापरलं की जीलिब मुद्दाम जवळजवळचे टायमर एकत्र गोळा करतं म्हणजे सीपीयूला सारखं उठायला लागू नये, त्यात एखादा सेकंद इकडेतिकडे होतो. ते नॉर्मल आहे.

आता मुद्द्याचं. रद्द केला तो टायमर खरा होता, एरर आला नाही म्हणजे तो अस्तित्वात होता. आणि वाजला तोही खरा होता. म्हणजे टायमर दोन होते. तुमच्या स्ट्रक्टमध्ये (नोडची माहिती ठेवायचा साचा) टायमरचा आयडी ठेवायला जागा एकच असणार. दुसऱ्यांदा सुरू केला तेव्हा नवीन आयडी जुन्याच्या डोक्यावर लिहिला गेला, जुना मेन लूपमध्ये जिवंतच राहिला पण त्याचा पत्ता कोणाकडेच नाही. रद्द करताना दुसरा मेला, पहिला आपली १० मिनिटं मोजत बसलाय. भाडेकरू बदलला, दारावरची पाटी बदलली, पण आधीचा माणूस मागच्या खोलीत अजून राहतोच आहे, तसं.

तेव्हा टायमर सुरू करणारं फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं ते शोधा. मी पैज लावतो एकापेक्षा जास्त ठिकाणं सापडतील.

रात्रपाळीवाला

पैज जिंकलात. दोन ठिकाणं आहेत.

एक, कोरोसिंक सांगतं की मेंबर गेला, तेव्हा. दोन, एक हेल्थ चेकर आहे जो दर ५ सेकंदांनी प्रायमरीवर पीजी_स्टॅट_रिप्लिकेशन (कोणते स्टँडबाय जोडलेले आहेत ते दाखवणारा तक्ता) बघतो आणि स्टँडबायची ओळ गायब झाली की तेच फंक्शन बोलावतो. दर पोलला नाही, होती-आणि-गेली असा बदल झाला तरच, एवढी अक्कल ज्याने लिहिलं त्याला होती. आणि हो, सुरू करताना आधीचा आयडी शून्य आहे का ते कुठेच तपासलेलं नाही, सरळ टाइमआउट लावून आयडी लिहून टाकलाय.

पण मग दरवेळी का नाही होत? स्टँडबाय गेला की दोन्ही गोष्टी होणारच ना?

सिंहगडरोड

मी पोस्टग्रेसवाला आहे, याचं उत्तर माझ्याकडे आहे बहुतेक. तुमचा वॉल_सेंडर_टाइमआउट किती आहे? बदललेला नसेल तर डिफॉल्ट ६० सेकंद असतो. स्विचचा पोर्ट मेला तर टीसीपी कनेक्शन रीतसर बंद होत नाही, समोरून उत्तर यायचं थांबतं एवढंच, मग प्रायमरीवरचा वॉलसेंडर (स्टँडबायला बदल पाठवणारी प्रोसेस) मिनिटभर वाट बघतो आणि मग कनेक्शन तोडतो. तोपर्यंत पीजी_स्टॅट_रिप्लिकेशनमध्ये ओळ तशीच दिसते, बिचारी.

म्हणजे कोरोसिंक काही सेकंदांत सांगतं "गेला", पहिला टायमर लागतो. मिनिटभराने ओळ गायब होते, दुसरा टायमर लागतो, पहिल्याचा आयडी पुसला जातो. नोड जर मिनिटाच्या आत परत आला तर दुसरा लागतच नाही आणि सगळं व्यवस्थित रद्द होतं. तुमच्या ज्या वेळा बिनघोर गेल्या त्या मिनिटाच्या आतल्या होत्या का बघा.

रात्रपाळीवाला

बघितलं. गेल्या काही महिन्यांतल्या ज्या छोट्या तुटातुटी कोणताही त्रास न होता गेल्या त्या सगळ्या मिनिटाच्या आतल्या. सर्वात मोठी ४८ सेकंदांची. अंगावर काटा आला हे बघताना.

आणि अजून एक कोडं सुटलं बहुतेक. कधीतरी स्टँडबाय खरंच अडकला होता, १० मिनिटांनी डीमनने पॉवर सायकल केलं, बरोबरच होतं, पण मशीन बूट होताना मध्येच परत एकदा रीसेट झालं. आम्ही तेव्हा आयपीएमआय कार्डाला शिव्या दिल्या होत्या, फर्मवेअर पण अपग्रेड केलं. तो दुसरा टायमर होता ना, पहिल्यानंतर मिनिटभराने वाजलेला?

जुना_सीवाला

तोच. आणि आता ती क्रिटिकल ओळ. त्या दिवशी दोन्ही टायमर वाजले. जीलिबमध्ये कॉलबॅकने (टायमर वाजल्यावर चालणारं फंक्शन) फॉल्स परत केलं की टायमर आपोआप नष्ट होतो, पण तुमच्या स्ट्रक्टमधला आयडी कोणी शून्य करत नाही. मग मशीन बूट होऊन क्लस्टरमध्ये आलं, डीमनने "आला, टायमर रद्द करा" म्हणून मेलेल्या टायमरचा आयडी जीलिबला दिला, जीलिब म्हणालं असा कोणी इथे राहत नाही. ही एवढीच ती ओळ.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण जीलिबच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की नष्ट झालेल्या सोर्सचा आयडी नंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. तसं झालं तर क्रिटिकल पण येणार नाही, गुपचूप भलत्याचाच टायमर रद्द होईल. समजा तो हार्डवेअर वॉचडॉगला (वेळेत थाप मिळाली नाही तर मशीन रीबूट करणारी सोय) थापटणारा टायमर निघाला, तर मशीन स्वतःच स्वतःला रीबूट करेल आणि लॉगमध्ये कारण सापडणार नाही. प्रत्यक्षात आयडी परत फिरून यायला खूप वेळ लागतो हे मान्य, पण डीमन वर्षानुवर्षं चालणारा आहे.

दुरुस्ती अशी करा. कॉलबॅकची पहिली ओळ: आयडी शून्य. बाकी काहीही त्यानंतर. रद्द करताना: आयडी शून्य नसेल तरच रद्द, आणि लगेच शून्य. जीलिब २.५६ किंवा नवीन असेल तर जी_क्लिअर_हँडल_आयडी दोन्ही कामं एका फटक्यात करतं. सुरू करताना: आयडी शून्य नसेल तर टायमर आधीच चालू आहे, हात लावू नका, परत या.

बिनसाखरचहा

शेवटच्या वाक्याला माझा विरोध. आधीचा रद्द करून नवीन लावावा, सगळीकडे तसंच करतात. ताजी माहिती आली तर मोजणी ताजी व्हायला हवी.

जुना_सीवाला

@बिनसाखरचहा हार्टबीटच्या टायमरला तुमचं बरोबर आहे, तिथे प्रत्येक ठोक्याला मोजणी नव्याने सुरू व्हायलाच पाहिजे. इथे उलटं आहे. इथे "गेला" ही बातमी दोन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली म्हणून तो दोनदा गेला असं होत नाही. दुसऱ्या बातमीने मोजणी परत सुरू केली तर १० मिनिटांची ११ होतील. आणि उद्या कोणी हुशारी करून तो हेल्थ चेकर दर पोलला फंक्शन बोलावेल असा केला, तर दर ५ सेकंदांनी मोजणी शून्यावर आणि टायमर जन्मात वाजणार नाही. आत्ता नको तेव्हा वाजतोय, मग हवा तेव्हा वाजणार नाही.

बिनसाखरचहा

बरं, हे पटलं. मागे घेतो.

पण कॉलबॅकमध्ये नुसतं "स्टँडबाय आत्ता मेंबर आहे का, असेल तर काही करू नको" एवढं तपासलं तर तीन ओळींत काम होत नाही का? आजच रात्री टाकता येईल असा पॅच.

गोफर_नाशिक

आजच्या रात्रीपुरतं होईल, कायमचं नाही. हे बघा, नोड १०:०० ला गेला, टायमर लागला आणि हरवला. १०:०५ ला परत आला. १०:०९ ला परत गेला, नवीन टायमर लागला जो १०:१९ ला वाजायला हवा. पण १०:१० ला हरवलेला जुना वाजणार, तपासणार मेंबर आहे का, नाहीये!, कापा वीज. १० मिनिटांचा धीर एका मिनिटावर आला. तपासणी पास झाली आणि निर्णय तरी चुकला.

म्हणून टायमरला तो कोणत्या "जाण्यासाठी" लावला तो नंबर द्यायचा. प्रत्येक वेळी नोड गेला की मोजणी एकाने वाढवा, टायमरबरोबर ती पाठवा, वाजला की बघा आत्ताचा नंबर तोच आहे का. वेगळा असेल तर लॉगमध्ये लिहा आणि गप्प बसा. राफ्टमध्ये (अनेक मशीनचं एकमत करायची पद्धत) टर्म नंबर याच जातीचं काम करतो, जुन्या टर्मचा निरोप कितीही उशिरा आला तरी कोणी ऐकत नाही.

मी गो मध्ये काम करतो, तिथे याच चुकीने वर्षानुवर्षं लोकांना छळलं. टायमर थांबवला तरी आधीच वाजलेली घंटा चॅनेलमध्ये पडून असायची आणि पुढच्या वेळी तीच हातात यायची. शेवटी २०२४ मध्ये गो १.२३ ला त्यांनी भाषेतच बदल केला, आता थांबवल्यावर किंवा रीसेट केल्यावर जुनी घंटा येतच नाही, मॉड्यूल फाइलमध्ये १.२३ लिहिलेलं असेल तर.

जुना_सीवाला

लिनक्स कर्नलवाले पण यातून सुटले नाहीत. टायमर रद्द केला पण त्याचा हँडलर दुसऱ्या सीपीयूवर चालूच आहे म्हणून तो संपेपर्यंत थांबणारं सिंकवालं फंक्शन आलं, ते करूनही हँडलरच परत टायमर लावतो म्हणून ६.२ मध्ये टायमर कायमचा बंद करणारं वेगळं फंक्शन आणावं लागलं.

तसं बघायला गेलं तर एकाच थ्रेडवरच्या जीलिबमध्ये रद्द केलेला सोर्स वाजत नाही, त्याच फेरीत वाजायला तयार झाला असला तरी वाजवण्याआधी जीलिब तपासून बघतं. आयडी नीट सांभाळले तर नंबरची गरज पडू नये. @रात्रपाळीवाला, तो हेल्थ चेकर मेन लूपमध्येच चालतो ना? नाही म्हणू नका.

रात्रपाळीवाला

नाही. 🙈 वेगळा थ्रेड आहे. डेटाबेस क्वेरी अडकली तर मेन लूप अडकू नये म्हणून. आणि आयडीवर लॉक वगैरे काही नाही.

जुना_सीवाला

मग नंबर पण घाला, @गोफर_नाशिक बरोबर आहेत. आणि त्या थ्रेडला टायमरला हात लावू देऊ नका. त्याने फक्त निरोप टाकायचा, जी_मेन_कॉन्टेक्स्ट_इन्व्होक ने किंवा आयडल सोर्स (लूप मोकळा झाला की चालणारं काम) लावून, आणि टायमर लावणं-काढणं सगळं मेन लूपच्या थ्रेडमध्येच. नाहीतर शून्य आहे का बघितलं आणि लावला या दोन ओळींच्या मध्ये दुसरा थ्रेड घुसेल आणि तुम्ही पहिल्या दिवसावर परत.

अजून एक, कॉलबॅकला काय पाठवताय? नोडच्या स्ट्रक्टचा पॉइंटर? नोड गेला-आला की ते स्ट्रक्ट फ्री होऊन नवीन बनत असेल तर हरवलेला टायमर फ्री झालेल्या मेमरीवर वाजतोय. पॉइंटरऐवजी नोड आयडी आणि तो नंबर पाठवा, वाजल्यावर टेबलमध्ये शोधा.

रात्रपाळीवाला

सुदैवाने स्ट्रक्ट डीमन बंद होईपर्यंत फ्री होत नाही. पण नोड आयडी पाठवणं जास्त बरं, तसंच करतो.

टेस्ट कशी करू? स्टेजिंगला (चाचणीच्या सेटअपला) दोन व्हीएम आहेत, इंटरफेस डाउन करून बघू का?

सिंहगडरोड

इंटरफेस डाउन करू नका, कोरोसिंकच्या जुन्या व्हर्जन त्याने भलतंच वागतात आणि तुम्ही भलत्याच बगच्या मागे लागाल. आयपीटेबल्सने (लिनक्सची फायरवॉल) पॅकेट टाकून द्या, येणारी आणि जाणारी दोन्ही, एकाच बाजूची बंद केली तर निकाल विचित्र येतात. कोरोसिंकचा पोर्ट बदलला नसेल तर यूडीपी ५४०५, आणि पोस्टग्रेसचा पण बंद करा नाहीतर तो दुसरा टायमर लागणारच नाही आणि तुम्ही म्हणाल बग गेला.

१० मिनिटं बसून राहू नका. ६०० चे ६० करा, वॉल_सेंडर_टाइमआउट ६ सेकंद करा, आयपीएमआयच्या जागी नुसती लॉगमध्ये ओळ लिहिणारी स्क्रिप्ट ठेवा. आणि आधी जुन्या बायनरीवर बग दाखवा. जुन्यावर दिसला नाही तर नव्यावर दिसला नाही याला काही अर्थ नाही.

जुना_सीवाला

आणि टेस्टमध्ये जी_डीबग व्हेरिएबलला फेटल-क्रिटिकल्स लावा. ती सोर्स आयडीची ओळ आली की प्रोग्रॅम तिथेच पडेल आणि कोअरमध्ये (पडतानाची मेमरीची नोंद) कोणी बोलावलं ते दिसेल. प्रॉडक्शनला चुकूनही लावू नका.

रात्रपाळीवाला

चार दिवसांनी अपडेट.

जुन्या बायनरीवर पहिल्याच फटक्यात बग आला, ६० सेकंदांनी खोटी वीज कापली गेली. नोड ६ सेकंदांच्या आत परत आणला तर येत नाही, बरोब्बर तुम्ही म्हणालात तसं. नव्या बायनरीवर स्क्रिप्ट लावून रात्रभर तोड-जोड केली, वेळा रँडम ठेवून. एकदाही चुकीचं वाजला नाही, आणि खरंच गेलेला ठेवला तेव्हा एकदाच वाजला, दोनदा नाही. वीज कापायच्या आधी समोरचा प्रायमरी आहे का हे पण विचारून घेतो आता, असेल तर कापत नाही, फोन करतो. हे मुळातच हवं होतं.

फेटल-क्रिटिकल्सने मात्र वेगळीच मजा केली. डीमन दुसऱ्याच ठिकाणी पडला, व्हर्च्युअल आयपी हलवायच्या टायमरमध्ये, तिथे पण कॉलबॅक आयडी शून्य करत नाही. मग सगळ्या कोडमध्ये ग्रेप (शोध) मारला. टायमर एकूण ११, त्यातले ७ तसेच लिहिलेले.

बिनसाखरचहा

सातही एकाच पॅचमध्ये टाकू नका हां. आधी हा जाऊ दे प्रॉडक्शनला, महिनाभर बघा.

रात्रपाळीवाला

हा एकटाच जातोय, शनिवारी रात्री, मेंटेनन्स मोड लावून. नोड १ ची डिस्क पण अजून बदलायची राहिलीच आहे.